नेचा वर चढला

भिंतीतली सतरा भोकं मी बुजवली. बुजवून घेतली म्हणायला हवं, कारण थापी माझ्या हातात नव्हती. पण सांगणारा मी होतो आणि मोजणाराही मीच. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलेलं नाही. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्या बाळारामदादांच्या समोर बसून तर मी याच्या बरोबर उलटं वाचून दाखवलं. आज लिहितोय ते दादांविषयी. माझं त्यात जेवढं येईल तेवढं येऊ दे.

पनवेलहून नेऱ्याकडे जाताना एका ठिकाणी डोंगर एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. तिथे रस्त्याच्या डाव्या हाताला, जरा आत, दादांचं घर. मागे डोंगराचा उतार, पुढे फणस, परसात दोन जुने आंबे. ऊन तिथे सकाळी दहानंतर यायचं आणि आंब्यांच्या वरच अडकायचं. जमिनीपर्यंत कधी आलंच नाही. मिरचीचं रोप लावलं तर ते लांबट, फिकट होऊन झोपायचं. दुसऱ्या कोणी त्या जागेला पडीक म्हणून सोडून दिलं असतं. दादांनी तिथे नेचे, म्हणजे फर्न, लावले होते.

डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायला आलो. बॅग अजून हातातच होती. उघड्या अंगाचा, कमरेला लुंगी लावलेला एक काळासावळा माणूस परसातून आला आणि म्हणाला, "हात फुडं कर." मी केला. त्याने एक पान माझ्या मनगटावर उपडं ठेवलं आणि त्यावर सणसणीत चापट मारली. पान उचललं तर खाली पांढरी नक्षी, एकेक पाकळी मोजता येईल अशी. चांदीच्या नेच्याच्या पानाखाली पांढरी भुकटी असते, तिचा तो छाप.

"झाला शिक्का," दादा म्हणाले. "आता तू आमचा."

आतून वहिनींचा आवाज आला. "लावला का रं बाबा शिक्का? मना बी लावलावता, लगनाच्या दुसऱ्या दिशी. आजून सुटका नाय."

वहिनींचं नाव हिराबाई. दादा त्यांना 'हिरे' म्हणून हाक मारायचे, आणि त्या हाकेला त्या तिसऱ्या वेळेस ओ द्यायच्या. चार वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो. लग्न होऊन नवीन पनवेलला जागा घेतली तरी बोंबील आणि तांदळाच्या भाकरीसाठी महिन्या-दोन महिन्यांनी जायचोच.

दादांनी आयुष्यभर गावाला पाणी सोडण्याचं काम केलं. कुठल्या आळीला किती वाजता, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे सगळं त्यांच्या हातात होतं. जमिनीवर उभं राहून खालच्या नळीत पाणी आहे की नाही ते पायाला कळतं, असं ते सांगायचे. मला ते थापा वाटायच्या. नोकरी सुटल्यावर त्यांनी त्याच पायांनी डोंगरातले ओहोळ धुंडाळून आणखी नेचे आणले. विकत एकही घेतला नाही. हंसराज आणला, तो काळ्या दोऱ्यासारख्या देठाचा. कोंबडीच्या तुऱ्यासारखा एक होता, त्याला ते 'कोंबडा'च म्हणत. फुटकी कौलं, नारळाची सोडणं, विझवलेला कोळसा आणि गोणपाट, एवढ्यावर त्यांचा बगीचा चालायचा.

पाणी घालण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. नेच्यावर थेंब पडू द्यायचे नाहीत. बाजूचा दगड भिजवायचे, त्यावर ओलं गोणपाट टाकायचे. "नेच्याला पाजायचं नाय," ते म्हणायचे, "त्याच्या शेजाऱ्याला पाजायचं. मंग तो आपसूक मागून घेतो." नव्या पानाची गुंडाळी मातीतून वर येते, तिला त्यांचा शब्द होता मूठ. आषाढात सकाळी चहाच्या आधी ते मला बातमी द्यायचे, "आज अकरा मुठी सुटल्या." वहिनी चुलीपाशून म्हणायच्या, "सुटू दे. तुमची घट्टच ऱ्हाते."

उन्हाळ्यात तो सगळा पसारा वाळून तपकिरी व्हायचा. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "दादा, मेले हो सगळे." त्यांना राग आला. उजव्या अंगठ्याचं नख ते मुद्दाम वाढवायचे. त्यांनी ओणवं होऊन एका खोडाची साल त्या नखाने टोकरली. आत हिरवं होतं. नख त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. ओल्या मातीचा, काकडीसारखा वास. "मेलंय का निजलंय ते डोल्यांनी नाय कलत. नख लावायचं. आन नखाचा वास घ्यायचा. नेचा खोटं बोलत नाय. त्याला येतच नाय."

फणसावर, दोन पुरुष उंचीवर, बाशिंग होतं. बाशिंग हाही नेचाच, झाडाला धरून राहणारा. त्याची खालची पानं वाळून तपकिरी होतात पण गळत नाहीत, नवऱ्याच्या कपाळावरच्या बाशिंगासारखी ताठ उभी राहतात. दादांनी ते लग्नाच्या साली डोंगरातून आणून फणसाला बांधलं होतं. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायच्या. "आमच्या कपालावरचं उतरलं, फणसावरचं काय उतरत नाय. फणसाचंच लगन लागलंय ह्यांच्यासंगं."

एकदा गावातल्या एका नव्या बंगल्याच्या भिंतीवर, ऐन चैत्रात, खिडकीखाली एक नेचा उगवला. दादा रस्त्यातून जाताना थांबले आणि मालकाला म्हणाले, "भितीच्या आत नल फुटलाय." मालक हसला. "दादा, दोन पानं काय उगवली तर तुमी माझा नवा बंगला फोडायला निंगालाव." आजूबाजूचे हसले, त्यात मीही होतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्या मालकाच्या स्वयंपाकघराची फरशी फुगून वर आली. दादा गेले, पण 'बोललो होतो' असं काही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "भित फोडशीच आता. तो नेचा तेवढा मना दे." वरणात बुडवायची भाकरी हातात धरून त्यांनी हा शेवट मला सांगितला आणि पुढे म्हणाले, "भितीतून नेचा आला का भितीला विचारायचं, बाय, तुला काय झालं? लोकं नेचा उपटतात. म्हंजे बोलणाऱ्याची जीभ उपटायची."

मला हे वाक्य तेव्हा छान वाटलं होतं. मी ऑफिसात सांगितलंही होतं.

दादांच्या मागचा उतार एका बिल्डरने घेतला. नाव सांगत नाही. त्यांच्याकडेच मी नोकरीला होतो, साइट इंजिनीयर. डोंगर कापून वर घरं झाली, बाग झाली, पोहायचा तलाव झाला. खाली, दादांच्या परसाला लागून, दगडी भिंत उभी राहिली, दोन पुरुषांहून उंच. अशा भिंतीच्या मागे मातीत पाणी साचतं, ते बाहेर पडायला भिंतीत ओळीने भोकं ठेवतात. आमच्या भिंतीत खालच्या ओळीत सतरा होती. त्या भोकांतून पाणी गेलं तर भिंत उभी राहते. हे शिकायला डिप्लोमा लागत नाही.

दादांना भिंतीचा राग यायला हवा होता. आला नाही. वर्षभरात भोकाभोकांतून नेचे बाहेर आले आणि ते खूश झाले. "बग, तुज्या भितीनं आमची भाशा उचलली." वहिनी म्हणाल्या, "डोंगर गेला तं गेला, ह्यांना सतरा खिडक्या गावल्या."

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं. बाकी सगळा बगीचा वाळलेला होता. भिंतीतले सतरा मात्र हिरवेगार, पानापानाला टवटवी. खाली काळपट ओघळ. दादा भिंतीला तळवा लावून उभे होते. "ह्या दिवसात याला पानी कोन पाजतंय? वर कायतरी गलतंय. तलाव बग तुमचा."

मी आमच्या साहेबांना सांगितलं. खरंच सांगितलं. साहेब म्हणाले, "तलाव पावसाळ्यानंतर बघू. आधी ती भिंत बघ. पंधरा दिवसांनी ताबा द्यायचाय, लोक खालच्या रस्त्याने येणार. भिंत रडतेय असं वाटतं." मी मजूर लावले. नेचे खरवडले, भिंत धुतली. दुसऱ्या दिवशी ओघळ पुन्हा हजर. पुन्हा धुतली, पुन्हा ओघळ. तेव्हा मी म्हणालो, भोकं बुजवा. ताब्याचा कार्यक्रम, फोटो, मग लगेच मोकळी करू. दोन दिवसांचा प्रश्न.

दादा परसात उभे राहून बघत होते. मजूर जेवायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "भोकं का रं बुजवलीस?"

मी म्हणालो, "नवीन पद्धत आहे दादा. आतून पाइप टाकलाय. पाणी बाजूने काढलं."

असा कुठलाही पाइप नव्हता. दादा म्हणाले, "तू शिकलेला. तुला ठाव." आणि खरवडून टाकलेले नेचे गोळा करायला लागले. ते त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी ओळीने लावले आणि शेजारचे दगड रोज भिजवू लागले. वहिनींनी त्याच परसात, भिंतीच्या ओलीला, अळू लावला.

भोकं मोकळी करायची राहून गेली. आधी दोन दिवस, मग दोन महिने. तो पावसाळा सुखरूप गेला. मी मनात म्हटलं, बघ, काही झालं नाही. त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. जेवायला बसलं की पानासमोर ती भिंत दिसायची.

पुढच्या श्रावणात दादांचा फोन आला. फोनवर ते नेहमी ओरडून बोलायचे. त्या दिवशी आवाज हळू होता.

"नेचा वर चढला रं."

"म्हणजे?"

"भितीवर. माज्या छातीपरत आलाय. पाच ठिकानी. तिथं भोक नाय, फट बी दिसत नाय, तरी मूठ हाय." मग म्हणाले, "नेचा वर चढला म्हंजे पानी वर चढलं. तुजा तो आतला पायप तुंबला का काय, येऊन बग. हिरी रोज तिथं अळूला जातेय."

मागून वहिनी म्हणाल्या, "त्याला सांगा, नेचे बघायला नको येऊस, वड्या खायला ये."

मी म्हणालो, "रविवारी येतो."

रविवार आला. मी गेलो नाही. कामात होतो असं सांगता येईल, पण नव्हतो. घरी होतो. गेलो असतो तर ते पाइप दाखव म्हणाले असते.

त्यानंतरच्या गुरुवारी, तीन दिवसांच्या सलग पावसात, सकाळी अकराच्या सुमारास भिंत कोसळली. दादा डोळ्यांच्या औषधासाठी पनवेलला गेले होते. काचबिंदू होता, एक डोळा तेव्हाच गेल्यात जमा होता. वहिनी अळूची पानं काढायला मागे गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा दादा चिखलात गुडघ्यावर बसून दगड उचलत होते. एकेक दगड उचलून बाजूला नीट रचून ठेवत होते, जसे नेच्यांसाठी रचायचे. कोणी हात धरला तरी थांबत नव्हते.

चौकशी झाली. तांत्रिक टिपण मागितलं गेलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण भिंत मला माहीत होती. आमच्या साहेबांनी काय लिहायचं ते सांगितलं नाही. तशी वेळच मी येऊ दिली नाही.

तेराव्यानंतर मी दादांकडे गेलो. ते ओटीवर बसले होते. म्हणाले, "कागद लिवलास म्हनं. डोले चालत नाय. वाच."

मी वाचलं. 'भिंतीच्या सांध्यांमध्ये वनस्पतींची मुळे शिरल्यामुळे तसेच भिंतीच्या पायथ्याशी सातत्याने पाणी घातले गेल्यामुळे भिंतीचा पाया कमकुवत होऊन सदर दुर्घटना घडली.'

"परत वाच."

परत वाचलं. 'सदर' या शब्दावर माझी जीभ अडखळली, एवढं आठवतं.

"म्हंजे माज्या नेच्यांनी," दादा म्हणाले. मी कागदाची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "आन तो आतला पायप?"

तिथे मला खरं सांगायला एक दार होतं. त्यांनी स्वतः उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "मुळं त्यात शिरली, दादा."

मग त्यांनी उजवा हात पुढे केला, अंगठा वर करून पाहिला आणि घरात जाऊन ते नख कापून आले.

महिन्याने गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला वाळलेल्या नेच्यांचा ढीग होता, गुरांनीही तोंड न लावलेला. दादांनी सगळे उपटले होते. मुळं राहिली असतील म्हणून जागोजाग उकळतं पाणी ओतलं होतं. शेजारची बाई मला म्हणाली, "चार दिस चूल पेटलेली हुती. हंडं भरून भरून वतत हुते." आयुष्यभर पाणी सोडणारा माणूस. नुसती काळी माती उरली आणि तिच्यावर तीच जुनी सावली. त्या जागेत दुसरं काही उगवलं नाही. उगवणार नव्हतंच.

आता त्यांचा दुसरा डोळाही गेलाय. मुलगी उरणला दिली आहे, ती आठवड्याला येऊन जाते. शेजारची बाई दोन वेळा ताट देते. मी जातो. माझ्याबद्दल गावात चांगलं बोलतात, जुना भाडेकरू असून म्हाताऱ्याला विसरला नाही म्हणून. दादाही आलेल्याला सांगतात, "यो आमचा."

गेल्या मे महिन्यात गेलो होतो. चहा झाल्यावर ते म्हणाले, "एक काम हाय. फणसावरचं बाशिंग ऱ्हायलंय. तवा माजा हात पोचला नाय, आन दुसऱ्याला सांगवलं नाय. शिडी लाव. मेलं आसंल तर आसू दे. जितं आसंल तर काढून टाक. ते बी त्यांच्यातलंच."

मी शिडी लावली. दादांनी चाचपडत येऊन ती दोन्ही हातांनी धरली. "चढ," म्हणाले, "मी धरलीय. पडशील बिडशील."

वर बाशिंग पूर्ण वाळलेलं दिसत होतं. तपकिरी पानं हात लागताच कुरकुरली. त्यांच्या आत ते जाड केसाळ खोड फणसाला घट्ट धरून होतं. मी अंगठ्याचं नख लावलं. आत हिरवं.

खालून विचारलं, "काय?"

मी म्हणालो, "मेलंय, दादा."

हे मी बाशिंग वाचावं म्हणून बोललो की निव्वळ सवयीने, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी खाली उतरलो. दादांनी शिडी सोडली आणि म्हणाले, "हात फुडं कर." मी केला. त्यांनी माझं मनगट धरलं, बोटं चाचपत अंगठ्यापर्यंत आले, अंगठा नाकाशी नेला आणि वास घेतला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

मी वाट पाहत होतो. त्यांनी हात सोडला. "बरं," म्हणाले. भिंतीकडे, म्हणजे जिथे भिंत होती तिकडे, तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि एका हाताने वाट शोधत घरात गेले. मागून गेलो तर आतून दार लावलेलं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं नाही. शिडी फणसालाच लावून ठेवली आणि निघालो. त्यानंतर अजून गेलेलो नाही.

बाशिंग या पावसाळ्यात हिरवं झालं असणार. ते त्यांना दिसत नाही.

पहिला कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता. हाही मलाच वाचून दाखवायचा आहे, त्याच ओटीवर, सतरा या आकड्यापासून, आणि त्यांनी परत वाच म्हटलं तर परत. बाळारामदादांचं एवढं माझ्याकडे बाकी आहे.